तिसरी इनिंग वगळली तर

कुठल्याही बेसबॉल संघात सामन्याची सुरुवात करून देणारे पिचर पाच असतात. दर पाचव्या दिवशी एकेकाची पाळी. त्यातला पहिला संघाचं कुलदैवत असतो, दुसऱ्याला मान असतो, तिसरा आणि चौथा आपल्या पोटापुरतं कमावून आणतात, आणि पाचवा हा विषय असतो. घरातला मुलगा बारावीला दुसऱ्यांदा बसलेला असला की आल्यागेल्या पाहुण्याला त्याच्याबद्दल मत असतं ना, तसं या पाचव्याबद्दल सगळ्यांना मत असतं. स्टेडियममध्ये जागा दाखवणाऱ्याला असतं, हॉटडॉग विकणाऱ्याला असतं, आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाढून व्हर्जिनियात येऊन पडलेल्या माझ्यासारख्यालाही असतं.

मतवाल्यांचे दोन पक्ष. एक म्हणतो, याला हाकला. दुसरा म्हणतो, हा सुधारेल. पहिल्या पक्षाला मी जहाल म्हणतो. जहाल समजायला सोपे. त्यांच्याकडे फोन असतो, फोनमध्ये आकडे असतात आणि आकड्यांत निकाल असतो. अभ्यासाचा खरा नमुना दुसऱ्या पक्षात सापडतो. तो म्हणजे सुधारक.

वॉशिंग्टनमधला सुधारक नॅशनल्स पार्कच्या तीनशेच्या मजल्यावर बसतो, म्हणजे बराच वर. साठी उलटलेली. डोक्यावर संघाची लाल टोपी, तिच्या कपाळपट्टीवर बऱ्याच हंगामांच्या घामाची पांढरी रेघ. गळ्यात दुर्बीण, मांडीवर स्कोअरकार्ड, कानामागे पेन्सिल. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात जन्म काढून निवृत्त झालेला असतो, आणि हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला नोकरीवरून काढलेलं पाहिलं नाही, फार तर प्रशिक्षणाला पाठवलेलं पाहिलं, त्याची पिचरकडे बघण्याची नजर वेगळीच होते. कामगिरी वाईट आहे? ठीक आहे. शेरा लिहा, पुढच्या तिमाहीत आढावा घेऊ.

सुधारकाचं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे 'वगळली तर'. पिचरने पाच इनिंग टाकल्या आणि सहा धावा दिल्या, तर तो पेन्सिलीचं टोक कार्डावर टेकवून म्हणतो, "तिसरी इनिंग वगळली तर आज त्याने एकच धाव दिली." तिसऱ्या इनिंगमध्ये पाच गेल्या होत्या. पुढच्या सामन्यात पहिली वगळायची असते. त्याच्या पुढच्या सामन्यात ते दोन होमरन वगळायचे, कारण त्यातला एक वाऱ्याने नेला. वगळता वगळता हंगामाच्या शेवटी जे उरतं ते फार सुंदर असतं. तेवढंच मोजायचं ठरलं तर कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा पुरणार नाही.

पॅट्रिक कॉर्बिन ही या सुधारकाच्या हाताखालून गेलेली सगळ्यात मोठी केस. २०१८ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन नॅशनल्सनी या डावखुऱ्याला सहा वर्षांसाठी १४ कोटी डॉलर कबूल केले. पहिल्या वर्षी पैसे वसूल झाले. २०१९ मध्ये त्याने १४ सामने जिंकले, ७ हरला, आणि ईआरए ३.२५ राखला. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या माथी मारलेल्या धावा. तीनच्या आसपास असला तर माणूस थोर, चारला चालतं, पाचला घरचे काळजी करू लागतात. त्याच वर्षी १९ विजय आणि ३१ पराभव अशी रडकी सुरुवात केलेला हा संघ थेट वर्ल्ड सीरिज जिंकला. ३० ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये सातव्या, निर्णायक सामन्यात मॅक्स शेरझरच्या पाच इनिंगनंतर कॉर्बिन आला, त्याने तीन इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. तो विजय अधिकृतपणे त्याच्या नावावर आहे.

नंतरचं असं. २०२१ मध्ये ५.८२. २०२२ मध्ये ६.३१, सहा विजय, एकोणीस पराभव. २०२३ मध्ये ५.२०. २०२४ मध्ये ५.६२.

या आकड्यांकडे पाहून जहालाच्या डोळ्यांत रक्त उतरतं. सुधारकाच्या डोळ्यांत मात्र चमक येते. कारण सहा-तीनवरून पाच-दोनवर येणं म्हणजे काय? सुधारणा.

सुधारकाला निदान करायला फार आवडतं. कॉर्बिनची सगळी भिस्त स्लायडरवर होती. तो चेंडू स्ट्राइकसारखा निघतो आणि शेवटच्या क्षणी खाली बुडतो. बॅट फिरवली तर हवा हाती लागते, पण सोडून दिला तर तो नुसता 'बॉल' ठरतो आणि पिचरच्याच अंगावर येतो. फलंदाज सोडायला शिकले. मग पिचरला सरळ, वेगवान चेंडूकडे वळावं लागतं, आणि तो पूर्वीइतका वेगवान राहिलेला नसला की पुढचं दृश्य आउटफिल्डच्या प्रेक्षकांत चेंडू पकडण्यासाठी चाललेल्या झोंबाझोंबीचं. एवढं साधं कारण सुधारकाला पटत नाही. साध्या कारणाला साधा उपाय नसतो, त्याला तर उपाय हवा असतो. म्हणून तो तिसऱ्या मजल्यावरून दुर्बीण लावतो आणि सांगतो, "खांदा उघडतोय लवकर." कधी हात दोन बोटं खाली आलेला असतो. कधी तो रबरावर चुकीच्या बाजूला उभा असतो. कधी मिट हलते आणि फलंदाजाला आधीच सुगावा लागतो. पिचरपासून होमप्लेटचं अंतर साठ फूट सहा इंच, १८९३ पासून बदललेलं नाही. सुधारकापासून पिचरचं अंतर त्याच्या किती पट असेल देव जाणे, पण दोन बोटं त्याला दिसतात.

कारणांची तर त्याच्याकडे सालवार नोंद आहे. २०२० मध्ये कोविड, साठच सामन्यांचा हंगाम, तो कुणी धरतं का? २०२१ मध्ये चेंडूला चिकट पदार्थ लावतात का याची अंपायरांनी जूनपासून झडती सुरू केली, सगळ्याच पिचरांच्या बोटांचा आत्मविश्वास गेला. म्हणजे आपला लावत होता असं नाही हं, पण वातावरण बिघडलं. २०२२ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली, वसंतातला सराव आखडला. २०२३ मध्ये पिच क्लॉक आलं, रिकाम्या बेसवर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा, माणसाने विचार कधी करायचा? २०२४ साठी मात्र खेळाच्या नियमांत काही मोठं घडेना. तेव्हा सुधारक थोडा अडचणीत आला होता. मग कॉर्बिन कटर नावाचा नवा चेंडू टाकू लागला आणि याच्या जिवात जीव आला. "नवं हत्यार हातात बसायला वर्ष लागतं," हे तो दोन इनिंगच्या मधल्या वेळात चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाला.

जहाल पोरगा याच्या मागच्याच रांगेत असतो. तिशीचा, दाढी कोरलेली, कुठल्याशा सल्लागार कंपनीत. दोघांची ओळख केवळ भांडणातून झालेली. पोरगा म्हणतो, "काका," — ते अर्थातच एकमेकांना पहिल्या नावाने हाका मारतात, पण तो सूर मराठीत 'काका' असाच ऐकू येतो — "काका, हा माणूस संपलाय."

"हॅलडे संपला होता?" सुधारक मागे न वळता विचारतो.

आणि इथे जहालाची पंचाईत होते, कारण सुधारक पुराव्यानिशी बोलतो. रॉय हॅलडेचा २००० सालचा ईआरए १०.६४ होता. दहा! टोरांटोने २००१ मध्ये त्याला मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांपैकी एकीवर, फ्लोरिडातल्या डनिडनला पाठवलं. मेल क्वीन नावाच्या प्रशिक्षकाने त्याची फेक मुळापासून मोडून पुन्हा बांधली, हात खाली आणला. २००३ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, २०१० मध्ये दुसऱ्या लीगमध्ये पुन्हा तोच, त्याच वर्षी एक परफेक्ट गेम आणि वर प्लेऑफमध्ये नो-हिटर. सँडी कूफॅक्सची पहिली सहा वर्षं बघा: ३६ विजय, ४० पराभव. १९६१ च्या वसंतात नॉर्म शेरी या कॅचरने त्याला सांगितलं, जरा जोर कमी कर. पुढे तीन साय यंग. क्लिफ ली २००७ मध्ये ६.२९ वर होता, मायनर लीगमध्ये रवानगी झाली. २००८ मध्ये २२ विजय, ३ पराभव. आणि जेक अरिएटा तर इथून तासाभरावरच्या बाल्टिमोरचा. त्यांनी २०१३ मध्ये कंटाळून शिकागोला देऊन टाकला, २०१५ मध्ये तो साय यंग घेऊन बसला. हे शेवटचं उदाहरण सुधारक आवाज खाली आणून सांगतो. बाल्टिमोरच्या लोकांवर आलेली वेळ वैऱ्यावर येऊ नये, असा तो आवाज.

पोरगा स्टीव्ह ब्लास काढतो. पिट्सबर्गचा, १९७१ च्या वर्ल्ड सीरिजचा नायक, १९७३ मध्ये अचानक नेम गेला तो गेलाच. ईआरए ९.८५. पुन्हा कधी सापडला नाही, इतका की पिचरचा नेम कारणाशिवाय हरवला तर त्या दुखण्याला आजही त्याचंच नाव देतात. सुधारक मान हलवतो. "त्याला वेळ दिला नाही."

मला विचाराल तर हिशेब पोराचाच बरोबर आहे. सुधारलेल्यांची नावं आपल्याला पाठ असतात कारण ते सुधारले. न सुधारलेले शेकड्यांनी असतील, ते विमा विकायला लागतात आणि त्यांची नावं कुणी पाठ करत नाही. शिवाय हॅलडे सुधारला तेव्हा चोवीस-पंचवीसचा होता. कॉर्बिन पस्तिशीला टेकलेला. पण २०२२ मध्ये हा संघ १०७ सामने हरला. ऑगस्टमध्ये स्टार फलंदाज ह्वान सोटोलाही सॅन डिएगोला देऊन मोकळे झाले. जुलैच्या उकाड्यात, बारा-दोनने मागे असताना, सातव्या इनिंगपर्यंत बसून राहायला माणसाला काहीतरी सिद्धांत लागतो. पोराच्या सिद्धांतानुसार आपण सगळ्यांनी घरी जायला हवं होतं. तोही गेला नाही, हे नमूद करतो.

तिथे एक तिसरी व्यक्तीही असते. रांगेच्या टोकाला बसणारी आजी, संघ २००५ मध्ये माँट्रिऑलहून वॉशिंग्टनला आला तेव्हापासून येणारी. ती दोन्ही पक्षांत नाही. वाद फार चढला की ती एवढंच म्हणते, "सातवा सामना." सगळे गप्प. संघाच्याच स्टीव्हन स्ट्रॅसबर्ग या पिचरला त्याच विजयानंतर साडेचोवीस कोटी डॉलरचा करार मिळाला आणि दुखापतींमुळे तो पुढे जेमतेम आठ सामने सुरू करू शकला. कॉर्बिन मात्र दर पाचव्या दिवशी हजर. मार खायला का होईना, हजर. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हजेरीची किंमत कळते.

या मैदानावर चौथ्या इनिंगला राष्ट्राध्यक्षांची शर्यत असते. प्रचंड फोमची डोकी घालून वॉशिंग्टन, जेफर्सन, लिंकन आणि टेडी रूझवेल्ट धावतात. २००६ पासून टेडी पाचशेवर शर्यती हरला. कधी वाट चुकला, कधी पडला, कधी दुसऱ्याच कुणाशी मारामारी करत बसला. शेवटी ३ ऑक्टोबर २०१२ ला जिंकला.

"टेडी जिंकला की नाही?" सुधारक विचारतो.

"काका, ते ऑफिसात ठरवतात."

"पण जिंकला की नाही?"

गंमत अशी, की ज्या दिवशी चांगला पिचर टाकत असतो त्या दिवशी सुधारक अस्वस्थ असतो. मॅकेन्झी गोरने धडाधड तीन फलंदाज उडवले की हा टाळ्या वाजवतो, पण त्यात जीव नसतो. दुर्बीण मांडीवर पडून राहते. इनिंगच्या मध्येच उठून हाफ-स्मोक सॉसेज आणायला जातो, रांगेत उभ्या असलेल्यांशी कॉर्बिनबद्दल बोलून येतो. चांगल्या पिचरमध्ये याने करण्यासारखं काही शिल्लक नसतं. आणि क्वचित कॉर्बिनचीच रात्र चांगली गेली, सात इनिंग, एक धाव, की मग तर विचारू नका. पोरगा खांद्यावर हात ठेवून म्हणतो, मानलं बुवा. हा म्हणतो, "थांब, स्लायडर अजून बसत नाहीये."

२०२४ ला करार संपला. पुढच्या वसंतात टेक्सास रेंजर्सनी कॉर्बिनला घेतलं, आणि तिथे त्याचा ईआरए साडेचारच्या आत आला. २०१९ नंतर इतका बरा तो कधीच नव्हता. पोराने मोठ्या मनाने फोन पुढे केला. "काका, तुम्ही बरोबर होता."

सुधारकाने आकडा पाहिला. चष्मा वर करून पुन्हा पाहिला. खरं तर हा त्याच्या आयुष्यातला विजयाचा क्षण. पण आपण सहा वर्षं शिकवणी घ्यावी आणि पोराने दुसऱ्याच क्लासचं नाव पेपरात द्यावं, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर आलं. "अमेरिकन लीग," तो म्हणाला. "तिकडे सोपं असतं."

मग त्याने दुर्बीण उचलली. खाली जेक अर्व्हिन सरावाचे चेंडू टाकत होता. धिप्पाड, मेहनती, आणि होमरन देण्यात सढळ हाताचा. त्या हंगामात त्याचा ईआरए पाचाच्या खाली यायला तयार नव्हता.

"हा?" पोरगा म्हणाला. "हा तर..."

"शूऽऽ. पुढचा पाय बघ त्याचा. पुढचा पाय."