वरचा मजला भाड्याने देणारे नाना

नगरच्या सावेडीत, गुलमोहर रोडपासून पाइपलाइन रोडपर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा. वरचा मजला भाड्याने देऊन खाली ओट्यावर राखण करत बसलेले एक नाना भेटतातच. निवृत्तीला फंडाचे पैसे हाती आले, त्यात तीन खोल्या वर चढवल्या आणि त्या दिवसापासून गल्लीत कोणी जागा घेणार असेल, तर नानांना दाखवल्याशिवाय विसार द्यायचा नाही, असा त्यांनीच दंडक घातला.

नाना जागा बघायला आले की फरशीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. थेट गच्चीवर चढून टाकी ठोकून बघतात. "पाणी किती दिवसाआड?" नगरला पाणी मुळा धरणातून येतं, नानांच्या मते भाडंही तिथूनच येतं. एप्रिलात टाकी कोरडी पडली की भाडेकरू बोऱ्याबिस्तरा आवळतो. पुढचा प्रश्न, राहणार कोण? नागापूर एमआयडीसीतल्या माणसाला कारखाना जवळ लागतो, कॉलेजच्या पोरांना खाणावळ. भिंगारकडे लष्करातली कुटुंबं मिळतात. भाडं वेळेवर, पण बदलीही वेळेवर. शिर्डीत फ्लॅट घेऊन भाविकांना देऊ म्हणणाऱ्याला ते एका वाक्यात वाटेला लावतात : "तो लॉजचा धंदा झाला, रोज चादरी कोण धुणार?"

हे सगळं खरंच शहाणपणाचं आहे. नानांचा हिशेबही पक्का. चाळीस लाखांचा फ्लॅट, नऊ हजार भाडं, म्हणजे वर्षाचे 1,08,000. पावणेतीन टक्केसुद्धा नाहीत. त्यातून घरपट्टी, रंग आणि एखादा रिकामा महिना वजा. एवढं पावतीच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मांडून झालं, की नाना म्हणतात, "घेऊन टाका." मग एफडी काय वाईट? "एफडीच्या गच्चीवर पापड वाळत घालता येतात का?" या युक्तिवादापुढे भलेभले सीए गप्प बसले आहेत.

भाडेकरूची मुलाखत मात्र कलेक्टरच्या भरतीलाही लाजवेल. गाव कोणतं, पगार किती, पाहुणे किती येतात, आणि आले तर आंघोळ करतात का? पोटमीटरचं रीडिंग ते दूधवाला येण्याआधी घेतात. दहानंतर गेटला कुलूप.

इतका जागरूक माणूस कराराला मात्र पाचशेचा स्टॅम्प आणि नोटरीवर भागवतो. "अकरा महिन्यांचाच आहे हो, नोंदणी लागत नाही." महाराष्ट्रात लागते. भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी घरमालकाची, आणि चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सहा हजार भाड्याच्या खोलीला अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने पावणेदोनशेच्या आसपास, शहरातली नोंदणी फी एक हजार. एवढे वाचवण्यापायी नाना काय गमावतात? करार नोंदवलेला नसला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच कायदा खरं धरतो. खोटं असल्याचं मालकाने सिद्ध करायचं. गेटचं कुलूपसुद्धा त्यात आलं.

तेव्हा टाकी ठोकायला नानांना जरूर न्या. करार मात्र नोंदवूनच घ्या. आता तो घरबसल्या ऑनलाइनही होतो.