क्लच दाब, सोड

पट्टा लावायच्या आधी कान लावणारा माणूस तुमच्याही गाडीत कधी ना कधी बसलेला असणार. बेळगावात राहत असाल तर नक्कीच, कारण उद्यमबागेतल्या कारखान्यांनी या गावाला जितकी कास्टिंगं दिली तितकेच असले कानही दिले. तुम्ही किल्ली फिरवता, गाडी सुरू होते, तुम्ही पहिला गिअर टाकणार एवढ्यात शेजारून एक बोट वर जातं. "थांब. ऐकूलालंय काय?" तुम्हाला काही ऐकू येत नाही. बायकोला येत नाही, मागच्या पोरांना येत नाही. सगळं कुटुंब सुखात असतं. "क्लच दाब," बोटवाला म्हणतो. तुम्ही दाबता. "सोड." सोडता. "दाब. सोड. दाब. आता?"

आणि मग, काय सांगावं, येतो! बारीक, गुरगुरता, फ्रिजमागं मांजर अडकल्यासारखा. क्लच दाबला की गप्प, सोडला की सुरू. त्या दिवसापासून तुम्ही गाडी चालवत नाही, आवाज चालवता.

आमच्या वाट्याला आलेल्या या माणसाला सगळं शहापूर अण्णा म्हणतं. अण्णांचा जन्म लेथवर गेला. हत्याराची धार जायच्या आधी कापण्याचा आवाज बदलतो, तो ज्याला कळला नाही त्याचा जॉब वाया गेला, हे त्यांचं शिक्षण आणि हीच पदवी. स्वतःची मोटार त्यांनी कधी घेतली नाही. सायकल आहे, पण तिला गिअर नाहीत, त्यामुळे तिच्यात त्यांचं मन रमत नाही. दुसऱ्याच्या गाडीत मात्र ते एक कापडी पिशवी घेऊन बसतात. पिशवीत हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी, पुसायला जुनं धोतर आणि तळाशी दोरीनं बांधलेलं एक खोकं. त्या खोक्याकडे मी बरेच दिवस लक्ष दिलं नाही.

अण्णा गाडीत बसले की आधी एसी बंद होतो. मग रेडिओ. मग सगळ्या काचा खाली येतात, मग तो मे महिना असो की गणपतीतला पाऊस. पोरांच्या हातातली चिप्सची पिशवी जप्त होते, कारण ती "वरच्या पट्टीत" वाजते. "वहिनी, जरा दोन मिनिटं," असं ते माझ्या बायकोला म्हणतात आणि तिची दोन मिनिटं काकतीपर्यंत चालतात. एवढ्या शांततेत आमच्या घरात कुणी दहावीचा अभ्याससुद्धा केलेला नाही.

अण्णा चुकत असते तर सगळं सोपं होतं. अण्णा चुकत नाहीत, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष. एकदा मागून काहीतरी खुळखुळत होतं. मी म्हटलं, शॉकॲब्सॉर्बर. अण्णांनी डोळे मिटले. "डिकीत. उजव्या अंगाला. स्टीलचं. लहान. आत दाणेदार काहीतरी." मी वैतागून गाडी थांबवली, डिकी उघडली. उजव्या कोपऱ्यात सासूबाईंची सुपारीची डबी होती. सासूबाई ती दिवाळीपासून शोधत होत्या.

त्यांचं शास्त्र खरं म्हणजे एका प्रश्नावर उभं आहे. क्लच दाबल्यावर आवाज जातो की येतो? गाडी उभी, न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला. अशा वेळी इंजिन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवत असतं. आवाज येत असेल आणि पेडल दाबताच जात असेल, तर त्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा. उलट, पेडल दाबल्यावरच येत असेल तर रिलीज बेअरिंग. एकाच गिअरला येतो? त्या गिअरचे दात बघा. जुन्या, मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत चौथ्याला गप्प आणि बाकी सगळ्यांना ओरडतंय? मग खालचा शाफ्ट, कारण चौथ्याला ताकद त्याच्या वाटेला न जाता सरळ निघून जाते. रिव्हर्सला येणारी किंकाळी रोग नाही, तिथं दात बहुधा सरळ कापलेले असतात, त्याला औषध नाही. आणि वळणावर कटकट वाजत असेल तर तो ॲक्सलचा जॉइंट, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणाऱ्याच्या दुकानात पुन्हा पाय ठेवू नये. एवढं ज्ञान एका माणसानं एका बैठकीत सांगितलं असतं तर त्याला मी गुरू मानलं असतं. अण्णा ते 'दाब, सोड' यांच्या मधल्या फटीतून थेंब थेंब सोडतात.

बरं, प्रश्न गाडीपुरता राहिला असता तरी चाललं असतं. त्यांच्या घरी काकूंचा मिक्सर घरघरला तेव्हा अण्णा स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "लोडवर येऊलालंय की रिकामा फिरवला तरी?" काकूंनी चटणी अर्ध्यात टाकून त्यांना बाहेर काढलं. एका लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकाचा सूर लावतायत आणि माइक हूं करतोय. पहिल्या रांगेतून बोट वर गेलं. "भटजी, जरा थांबा. बंद करा. चालू करा. बंद करा." भटजींनी दोनदा केलंसुद्धा. मुहूर्त टळता टळता वाचला. गुडघा दुखतो म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टरांनी विचारलं, "चालताना कटकन वाजतो का?" अण्णा म्हणाले, "जिना चढताना. सपाटीला नाही. उतरताना वेगळा आवाज." डॉक्टरांनी तसंच्या तसं लिहून घेतलं. फी मात्र आम्हीच दिली.

सीमाप्रश्नावर बेळगावात प्रत्येकाचं मत असतं, अण्णांचं निदान आहे. १९५६ पासून ते हा आवाज ऐकतायत. महाराष्ट्रानं २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात नेला, त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत तावातावानं चर्चा चाललेली असताना अण्णा म्हणाले, "न्यूट्रलला आवाज नाही. बाजारात नाही, दवाखान्यात नाही, कन्नडवाल्याच्या दुकानात मराठी माणूस उधारी मांडतोय तिथंही नाही. निवडणुकीचा गिअर टाकला की येतोय. एकाच गिअरला. बेअरिंग चांगलं आहे, एक दात गेलाय." टपरी गप्प झाली. मग दोन्ही बाजूंनी त्यांना शिव्या घातल्या, म्हणजे बहुधा निदान बरोबर असावं.

यंत्राच्या प्रगतीबद्दल त्यांना आदर नाही. कॅडिलॅकनं १९२८ साली सिंक्रोमेश आणलं आणि तिथून माणसाचा कान बिघडला, असं त्यांचं म्हणणं. जुन्या अँबॅसिडरला पहिल्या गिअरला सिंक्रो नसायचा; चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर दोनदा क्लच मारून, मध्ये रेस देऊन, इंजिनाचा सूर ऐकूनच टाकावा लागायचा. "आता सिंक्रो दोन्ही बाजूंची गती जुळवून देतोय, आणि तुम्ही त्याला वाजवून वाजवून मारताय." गिअर टाकताना करकर झाली की ते स्वतःचा पाय आखडतात. तेलाबद्दल तर विचारू नका. कंपनीनं जीएल-फोर लिहिलं असताना कुणी भारी म्हणून जीएल-फाइव्ह ओतलं तर त्या माणसाशी अण्णा पुढचे काही दिवस बोलत नाहीत. त्यातली गंधकाची औषधं सिंक्रोच्या पितळी कोनांना खाऊ शकतात म्हणे. जुनं तेल ते काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरतात. तळाच्या बोल्टच्या चुंबकाला काळं पीठ लागलं असेल तर लोखंड, तेलातच सोनेरी झाक असेल तर कोन गेले. पेला काकूंचा असतो, पाहुण्यांसाठी काढून ठेवलेला.

माझ्या गाडीतला तो आवाज मी आधी एका सर्व्हिस सेंटरात नेला. इस्त्रीच्या शर्टातल्या मुलानं गाडीला वायर जोडली, लॅपटॉपवर बघितलं आणि म्हणाला, "सर, एरर कोड काही नाही. गाडी परफेक्ट आहे." हे मी अण्णांना सांगितलं. "बेअरिंगला कुठं वायर असतीय?" ते म्हणाले. "लॅपटॉपला विचार, क्लच दाबल्यावर जातोय की येतोय." मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाऊजिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते बॉनेटमध्ये वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. "इनपुटचं बेअरिंग. खरं, पक्कं सांगायचं तर ट्रायल मारावी लागेल. घाटात."

आता घाट म्हटला तर बेळगावाहून निघून काकती ओलांडली की वंटमुरीचा घाट आहे. लवकर जाऊन येता येतं. मी तसं म्हटलं. अण्णांनी मान हलवली. "तिथंपर्यंत तेल तापत नाही बघ. थंड तेल दाट असतंय, आवाज झाकतंय. तवंदीच्या घाटात जाऊया. जाताना उतार, येताना चढ. उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतंय तेव्हाचा आवाज वेगळा, चढावर ओढतंय तेव्हाचा वेगळा. दोन्ही ऐकल्याशिवाय निदान नाही." शास्त्र म्हणून यात खोट काढता येत नाही. मी काढून बघितली.

म्हणून यमकनमर्डी, हत्तरगीचा टोल, संकेश्वर करत आम्ही तवंदीला जातो. काचा खाली, रेडिओ बंद. उतारावर न्यूट्रल करायची मनाई. तसं करणाऱ्याला अण्णा माणसात धरत नाहीत, आणि त्या घाटात ब्रेक न लागलेले ट्रक ज्यांनी बघितलेत तेही धरणार नाहीत. स्तवनिधीचं देऊळ मागं पडतं, घाट संपतो, आवाज ऐकून झालेला असतो, आणि मी गाडी वळवायला जागा शोधत असतो तेव्हा अण्णा म्हणतात, "आलोच आहे तर निपाणीत पाच मिनिटं थांबूया. तेल जरा निवू दे."

निपाणीत त्यांची लेक दिलेली आहे.

हे कळायला मला किती ट्रायली लागल्या ते सांगत नाही. शेजाऱ्याच्या गाडीचा आवाज तवंदीत ऐकावा लागला होता. टिळकवाडीतल्या वकिलांच्या गाडीचा आवाज तर चाकाचा होता, त्याला घाटाची गरजच नव्हती, तीही निपाणीला जाऊन आली. बेळगाव-निपाणी एसटी दिवसभर धावतात, तिकीट परवडतं. पण एसटीनं गेलेला माणूस कशासाठी आला, हे व्याही विचारणार. सण नाही, बारसं नाही, आजारपण नाही, आणि लेकीच्या घरी बापानं सहज जायचं नसतं, हे अण्णांच्या पिढीचं गणित. "गाडी ट्रायलला काढली होती, जाता जाता डोकावलो," याला व्याही काय म्हणणार? तेही तंबाखूच्या वखारीतले जुने गृहस्थ, गाडीचं काम म्हटल्यावर लगेच खुर्ची देतात. आणि पिशवीच्या तळातलं दोरीचं खोकं स्क्रू ड्रायव्हरखालून बाहेर येतं. आत कुंदा. गिअरबॉक्सच्या निदानाला कुंदा लागतो हे बेळगावाबाहेर कुणाला माहीत नसेल.

लेक चहा आणते. बोलणं फारसं होत नाही. "बरी आहेस?" "बरी आहे. तुमचा गुडघा?" "लोडवर येतोय." ती हसते. नात येऊन आजोबांचा कान धरते. अण्णा तिला कान धरू देतात, आणि त्या पंधरा मिनिटांत त्या अंगणात मोटारसायकली जातात, वखारीत ट्रक मागं घेतात, शेजारची गिरणी चालू होते, पण बोट वर जात नाही.

एकदा आम्ही बसलेलो असताना जावई गाडी घेऊन आले. फाटकातून आत वळताना त्यांनी क्लच दाबला आणि गाडीतून असा काही चिरका आवाज आला की मीसुद्धा खुर्चीत सावरून बसलो. मी अण्णांकडे बघितलं. बोट मांडीवरच. "जावईबापू, गाडी एकदम सायलेंट ठेवलीय तुम्ही," अण्णा म्हणाले. जावई खूश. परतीच्या चढावर माझी गाडी तिसऱ्याला गुरगुरत होती, तिच्याकडे अण्णांचं लक्ष नव्हतं. संकेश्वर आलं तेव्हा ते म्हणाले, "रिलीज बेअरिंग गेलंय त्यांचं. क्लच प्लेटही आली असेल." मग सांगितलं का नाही? "जावयाच्या गाडीला आवाज नसतो बाळ." जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "तू एकदा आपलं सहज म्हणून बोल की त्यांना. माझं नाव नको."

मी बोललो. अण्णांच्या सांगण्यावरून काहीही करायचं नाही असं ठरवलेला माणूस मी, पण बोललो.

माझ्या गाडीचं बेअरिंगही गेल्या महिन्यात बदलून घेतलं. मिस्त्रीनं जुनं काढून बोटात धरून फिरवलं, तर ते खरखरलं. आतल्या कड्यावर तिळाएवढा खड्डा पडलेला. इनपुटचंच होतं. मी ते मुद्दाम अण्णांना नेऊन दाखवलं, वाटलं खूश होतील. त्यांनी खिडकीजवळ उजेडात नेऊन उलटंसुलटं केलं, खड्ड्यावरून नख फिरवलं आणि परत दिलं. "म्हणजे आता आवाज नाही," ते म्हणाले. नाही, मी म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

तर बेळगावात, शहापुरात, खानापूर रोडला कुणाच्या गाडीला आवाज येत असेल, कसलाही, कुठलाही, तर गॅरेजला जायच्या आधी अण्णांना दाखवा. पैसे घेत नाहीत. टाकी भरून ठेवा, पोरांना चिप्स देऊ नका, आणि रविवारी सकाळी लवकर निघा.