जऊळका ते तारकर्ली, गवऱ्यांसह

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा आणि त्यांतल्या एकालाही समुद्रकिनारा नाही, ही माहिती गुरुजींनी पारावर जाहीर केली तेव्हा आमची सहल जवळजवळ ठरली होती. ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, चांदोली ही सगळी डोंगरजंगलातली. बोरिवलीचं मुंबईत आहे, पण तिथेही बिबट्या भेटेल, लाट नाही.

"मंग हे पोट्टं मोबाइलवर काय दाखवून राह्यलं?" नायककाकांनी विचारलं.

पोट्टं म्हणजे माझा पुतण्या. पुण्याला नोकरीला असतो आणि सणाला गावी आला की आम्हाला सुधारतो. त्याने कुठल्याशा परदेशी किनारी उद्यानाशेजारी उभ्या असलेल्या चाकांवरच्या घराचा व्हिडिओ आणला होता. आत पलंग, ओटा, बेसिन, संडास. बाजूने ओढून काढायचं छत, त्याखाली दोन खुर्च्या आणि खुर्च्यांत एक नवरा-बायको, एकमेकांशी चकार शब्द न बोलता समुद्राकडे बघत बसलेले.

आजीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि विचारलं, "अन् याईच्या घरचे बाकीचे लोकं कुठी हायेत?"

पुण्यातल्या शिक्षणात याचं उत्तर नव्हतं.

उद्यान नाही तर अभयारण्य तरी, म्हणून मालवणवर एकमत झालं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा. गुरुजींना आकडे पाठ असतात, त्यामुळे त्यांना कोणी अडवत नाही.

"पाण्यात अभयारण्य, म्हंजे जनावरं कोनती?"

"मासे, प्रवाळ, समुद्रशैवाल."

"मंग त्याईले पाहाले आपुन बुडाचं का?"

"होय काका," पुतण्या उत्साहाने म्हणाला, "त्यालाच स्कुबा म्हणतात. पैसे घेऊन खाली नेतात."

"पैसे देऊन?" काकांनी पान थुंकलं. "आमच्या इकडं लोकं फुकट बुडतात."

इथे तात्यांनी आपला पर्याय पुढे केला. तात्या कोणत्याही खर्चाला जवळचा पर्याय शोधतात. खारं पाणीच पाहायचं ना, मग लोणार काय वाईट? सकाळी निघा, संध्याकाळी घरी. तिथलं पाणी खारं, तिथेही अभयारण्य, वर २०२० पासून रामसर यादीत नाव. उल्का पडून झालेलं सरोवर आहे, असा समुद्र तरी कोणी पाहिलाय? मुद्दा बिनतोड होता. पण लोणारला आमच्यातला प्रत्येक जण शाळेच्या सहलीत जाऊन आलेला, आणि शाळेने जिथे नेलं तिथे पुन्हा जायला माणसाचं मन घेत नाही.

मग गाडी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हे पुतण्याने सांगितलं आणि भाड्याची गाडीही दाखवली. तीत चार जण झोपू शकत होते. आमची यादी तोवर विशीच्या पुढे गेली होती, आणि त्यात मोठ्या बहिणीच्या सासरचे अजून धरलेच नव्हते.

"छोट्या हत्तीत गाद्या टाकू," ड्रायव्हरभाऊ म्हणाला. नंतर तो चारशेसातवर आला: वर ताडपत्री, मागे पाण्याची टाकी, मधे शेगडी, पडदा लावून बायकांचा भाग वेगळा. नकाशाही काढला त्याने, तुरीच्या पोत्यावर खडूने. खरोखर देखणं घर झालं असतं. पण मालवाहू गाडीत माणसं कोंबणं आणि मनाने गाडीचा आराखडा बदलणं, दोन्ही कायद्याने चालत नाही, आणि वाटेत किती आरटीओ लागतात याचा हिशेब त्याने स्वतःच केला. ट्रॅक्टर-ट्रॉली सुचवणाराही एक निघाला. समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो, ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटर पूर्ण खुला आहे, पण त्यावर ट्रॅक्टर चढू देत नाहीत.

नायककाका इतका वेळ गप्प होते. ते बंजारा, त्यांच्या तांड्यावरून पोहरादेवीच्या यात्रेला माणसं निघतात तेव्हा कोणी धोरण विचारत नाही. म्हणाले, "आमचे बापजादे हजारो बैल घेऊन निघत. धान्य, मीठ बैलाच्या पाठीवर, संगं बायका, लेकरं, कुत्रे. जिथी पाणी तिथी मुक्काम. त्याईले कोन्या आरटीओनं हात दाखोला नाही. मंग रेल्वे आली, अन् बैल बसले."

रेल्वेचं नाव निघताच सगळे गुरुजींकडे पाहू लागले. आमच्या गावाचं नावच जऊळका रेल्वे. स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर. गाव रेल्वेच्या नावाने ओळखलं जातं आणि गावातल्या माणसांना सहलीसाठी मोटारच हवी असते, यावर गुरुजी बराच वेळ बोलले. मी ते इथे देत नाही.

रस्त्याचा वाद मात्र देतो, कारण तो तीन संध्याकाळी चालला. समृद्धीने मुंबईकडे उतरून गोवा महामार्ग धरावा, असा एक पक्ष. त्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, आपण पोहोचेस्तोवर होईल, हा त्यांचा विश्वास. दुसरा पक्ष नांदेड-लातूर-सोलापूर-कोल्हापूरवाला. त्यात पुन्हा फोंडा घाट की गगनबावड्याकडून करूळ, यावर दोन पोटपक्ष. कोणत्याही वाटेने अंतर सातशे किलोमीटरच्या पुढेच, आणि दोन्ही पक्षांतल्या कोणीही घाटात गाडी चालवलेली नव्हती.

तारखेचं तर विचारूच नका. सोयाबीन निघाल्याशिवाय नाही, मग हरभऱ्याची पेरणी, मग तूर, मग हरभऱ्याची सोंगणी, मग पोरांच्या परीक्षा, मग लग्नं. लग्नं संपली की पाऊस. शहरातला माणूस रजा टाकतो. आम्ही रजा कोणाकडे टाकायची, ढगाकडे?

शेवटी खरी अडचण आजीने उभी केली. बाहेर मुक्काम म्हणजे रोडगे, हे आमच्याकडे ठरलेलं. गवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. शेतात, देवाच्या पायथ्याशी, नदीकाठी. मग समुद्राने काय घोडं मारलंय? "तिथी गवऱ्या भेटतीन का?" आजीने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता दोन पोती भरायला सांगितली. पुतण्याने शहाळी, सोलकढी, सुरमई अशी नावं सांगून पाहिली. आमच्यात निम्मे माळकरी; ज्या कढईत सुरमई तळली तिच्या शेजारून गेलेलं नारळपाणीही चालणार नाही, असं त्यांनी कळवलं.

मला विचाराल तर या चाकांवरच्या घरात दोषच हा आहे: माणसांपासून लांब जाण्यासाठी ते बनवलेलं आहे. आम्ही सहलीला निघतो तेव्हा गावच उचलून नेतो. किनाऱ्यावर गेल्यावरही नायककाकांना पार हवा, तात्यांना उधारी हवी, आजीला सुना हव्यात. चार बिछान्यांत हे बसत नाही.

किल्ल्याची गोष्ट ऐकल्यावर मात्र सगळे एकदम गप्प झाले. १६६४ मध्ये महाराजांनी काम सुरू केलेला सिंधुदुर्ग चारही बाजूंनी खाऱ्या पाण्यात, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात ही बातमी प्रवाळापेक्षा मोठी ठरली. "थे पाहाले जाऊ," आजी म्हणाली. ठराव मंजूर झाला.

तर आता रेल्वेनेच जायचं आहे. जऊळक्याहून अकोला, नागपूरहून मडगावला जाणारी गाडी अकोल्याला थांबते आणि कुडाळलाही. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, आणि पुढे तारकर्लीला तंबू मिळतात. तुम्हीही निघणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रेल्वेत सिलिंडर आणि पेटता स्टोव्ह नेता येत नाही. आणि पावसाळ्यात सिंधुदुर्गावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, तेव्हा लग्नं कोणाचीही असोत, मे महिन्यातच उरकून या.