पोलिसापुरतं हेल्मेट

दर 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन येतो आणि व्यासपीठावरून आम्हाला सांगितलं जातं की ग्राहक भोळा आहे, तो फसतो, त्याला जागं केलं पाहिजे. समस्त पुणेकर दुचाकीस्वारांच्या वतीने मी या विधानाचा निषेध करतो. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ज्या गावात ग्राहक पंचायत उभी केली, त्या गावच्या ग्राहकाला भोळा म्हणायचं म्हणजे कमाल झाली. आम्ही फसत नाही. नकली माल आम्ही पारखून, निवडून, घासाघीस करून घेतो.

हेल्मेटचंच बघा. कारवाईची बातमी सकाळच्या पेपरात येते आणि दुपारपर्यंत नदीपुलाच्या कठड्यावर हेल्मेटांची रांग लागते. काळी, लाल, फुलपाखरूवाली गुलाबी. किंमत दोनशे ते तीनशे. पुढच्या चौकात मामा उभे असतील तर साडेतीनशे. आणि प्रत्येकावर आयएसआयचं चकचकीत स्टिकर. गिऱ्हाईक स्कूटर बंदही न करता विचारतं, ‘‘ओरिजिनल आहे ना?’’ विक्रेता प्रामाणिक असतो. तो उलट विचारतो, ‘‘ओरिजिनल पाहिजे, की पोलिसापुरतं?’’

यात फसवणूक कुठे आहे, सांगा. विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत आहे. पावती फाडणाऱ्यालाही अंदाज असावा. पण त्याला डोक्यावर काहीतरी गोल दिसलं की काम झालं. हेल्मेट नसलं तर कायद्याने 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. 250 रुपयांत हजार वाचतात. हा हिशेब इतका चोख आहे की त्यात डोकं घालायला जागाच उरत नाही.

आमच्या इमारतीत एक निवृत्त बँक अधिकारी काका राहतात. त्यांच्याइतका जागरूक ग्राहक मी पाहिलेला नाही. भाजीवालीचा काटा ते आधी शून्यावर आणायला लावतात. दुधाच्या पिशवीवरची तारीख चष्मा वर करून वाचतात. सुनेच्या बांगड्या घेतल्या तेव्हा सराफाच्या दुकानात बसून त्यांनी ‘बीआयएस केअर’ ॲप उघडलं, भिंगाखाली बांगडीवरचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी वाचला, ॲपमध्ये टाकला आणि शुद्धता जुळल्यावरच पैसे मोजले. त्याच ॲपमध्ये हेल्मेटवरचा परवाना क्रमांकही तपासता येतो. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, आयएस 4151. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो टाकला की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, हे समोर येतं. काकांनी स्वतःच्या हेल्मेटचा क्रमांक कधी टाकला नाही. मी कारण विचारलं नाही, कारण ते उघड आहे. बांगडी उद्या मोडता येते. डोक्याला पुनर्विक्रीची किंमत नाही.

खऱ्या हेल्मेटचे मात्र फार हाल करतात. प्रयोगशाळेत त्याला भट्टीत तापवतात, गारठवतात, पाण्यात भिजवतात आणि मग आत धातूचं डोकं बसवून लोखंडी ऐरणीवर आपटतात. सपाट ऐरण झाली की फुटपाथच्या कडेसारखी ऐरण. आपटल्यावर कवच धक्का पसरवतं, आतला थर्माकोलसारखा दाट थर चेपला जातो आणि चेपता चेपता तो मार स्वतः खातो. हनुवटीचा पट्टाही ताणून बघतात, कारण ऐन वेळी हेल्मेट एकीकडे आणि मालक दुसरीकडे गेले तर उपयोग नाही. पोलिसापुरत्या हेल्मेटला असला जाच नाही. त्यात कवचाऐवजी पातळ प्लास्टिक असतं, थराऐवजी बोटभर स्पंज आणि वर मखमली अस्तर. पट्ट्याची कडी दुसऱ्या आठवड्यात तुटते, पण लावायचा कोणाला असतो? बाकी काही नाही तरी केस विस्कटत नाहीत.

सरकारने आपल्याकडून कसर ठेवलेली नाही. 1 जून 2021 पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय बनवायला आणि विकायला बंदी आहे. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 2 लाख रुपये दंड. देशात 21 कोटींहून जास्त दुचाक्या आहेत आणि 2025च्या जूनमध्ये हेल्मेटचे चालू परवाने होते 176 उत्पादकांकडे. दिल्लीत छापे घातले तेव्हा परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेटं जप्त झाली. म्हणजे स्टिकरच नव्हे, कारखानाही असतो, फक्त परवाना वारलेला असतो. राहिला प्रश्न आमच्या पुलाचा. तिथे कारवाईची गाडी आली की रांग गोळा होते, गाडी गेली की पुन्हा लागते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण तक्रार काय करायची? मला जे हवं होतं, तेच मिळालं, अशी?

गेल्या महिन्यात काकांचा नातू इंजिनिअरिंगला लागला आणि त्याला गाडी मिळाली. गाडी लाखाच्या वरची. तिच्या कंपनीची ॲक्सेसरीज, सीट कव्हर, पाच वर्षांचा विमा, सगळं काकांनी अटी वाचून घेतलं. हेल्मेटसाठी मात्र आम्ही पुलावर. शोरूममधल्या हेल्मेटची किंमत ऐकून ते म्हणाले होते, ‘‘एवढ्यात मी दोन वर्षं रिक्षाने फिरेन.’’ हा हिशेब मात्र त्यांनी मांडून दाखवला नाही.

त्यांनी काळं, निळा पट्टा असलेलं निवडलं. बोटाने टिचकी मारली. वास घेतला. पावती मागितली, विक्रेत्याने हसून बॅग पुढे केली. अडीचशेचे दोनशे वीस झाले. पैसे देण्याआधी काकांनी शेवटचा, जागरूक ग्राहकाला शोभेल असा प्रश्न विचारला, ‘‘उन्हापावसात हा आयएसआय निघणार तर नाही ना?’’

विक्रेत्याने अंगठ्याने स्टिकरची कड घासून दाखवली. ‘‘स्टिकरची गॅरंटी माझी, काका. हेल्मेटचं विचारू नका.’’

काकांनी समाधानाने पैसे मोजले आणि एक जादा स्टिकर मागून घेतलं.