आपलं नाव ब्लँक सोडलं आहे

प्रति,
श्री. __________ साहेब,
माजी प्रॉडक्शन हेड.



गेल्या आठवड्यात आपला व्हॉट्सॲपवर निरोप आला. पंधरा-सोळा वर्षांनी आपल्याला माझी आठवण झाली, याचं अप्रूप वाटलं. अमेरिकेतले डॉक्टर आता पेशंटशी नुसतं बोलतात, बाजूचं यंत्र ते ऐकतं आणि नोंद आपली आपण लिहून काढतं. त्या नोंदीवर फक्त नजर फिरवायची, चुकलंमाकलं दुरुस्त करायचं, असं काम आपल्याकडे आलं आहे म्हणे. खाली ठळक अक्षरांत होतं : ‘घरबसल्या काम. वेळेचं बंधन नाही. जेवढं कराल तेवढं कमवाल.’ ही शेवटची ओळ वाचली आणि माझा उजवा पाय टेबलाखाली आपोआप रेकॉर्डिंग मागे-पुढे करायचं फूट पेडल शोधायला लागला.

उत्तर खासगीत देता आलं असतं. पण आपण तो निरोप एकदम शंभरावर जणींना धाडलात, त्यातल्या कित्येक माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या. तेव्हा म्हटलं, पत्रही उघडंच असू द्यावं.

2005 सालची दिवाळी संपून आठ दिवस झाले होते. पुण्यातल्या त्या इमारतीचा तिसरा मजला. आम्ही तिसेक मुली आणि सात-आठ मुलगे. बहुतेक बी.एस्सी., दोघी होमिओपॅथीच्या डॉक्टर, दवाखाना टाकायला पैसे नाहीत म्हणून हेडफोन लावून बसलेल्या. सगळ्यांनी फी भरून मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करण्याचा, कोर्स केलेला. आपण समोसे मागवलेत आणि पांढऱ्या फळ्यावर गणित मांडलंत. सध्या पगार महिना 9,000. आता ओळीला 50 पैसे. रोज 1,000 ओळी, महिन्याचे 25 दिवस, झाले 12,500! वर म्हणालात, “यापुढे तुमचा पगार मी नाही, तुम्हीच ठरवणार.” टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. समोसा गरम होता.

पहिल्या महिन्यात मी स्वतःचा पगार ठरवला 6,840 रुपये. मी स्वतःची इतकी कवडीचुंबक मालकीण निघेन असं वाटलं नव्हतं.

ओळ म्हणजे काय, हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. ओळ म्हणजे ओळ, त्यात काय विचारायचं? ती निघाली 65 अक्षरांची. साडेआठ इंच रुंदीचा अमेरिकी कागद घ्या, दोन्हीकडे एकेक इंच समास सोडा, उरलेल्या साडेसहा इंचांत टाइपरायटर इंचाला दहा अक्षरं उमटवतो, की झाली 65. पुढे टाइपरायटर गेला, कागदही गेला, ओळ तेवढी राहिली, आणि ती मोजायचं सॉफ्टवेअर राहिलं आपल्या केबिनमध्ये. रिपोर्टच्या माथ्यावरचा मजकूर त्यात धरायचा नाही. नॉर्मल तपासणीचा तयार परिच्छेद टाकला तर तोही धरायचा नाही, मग डॉक्टरने त्यातली चार वाक्यं बदलून सांगितलेली का असेनात.

2007 साली अमेरिकेतल्या आरोग्यनोंदी सांभाळणाऱ्यांच्या आणि ट्रान्सक्रिप्शन उद्योगाच्या संघटनांनी मिळून सुचवलं की डोळ्यांना दिसतं ते काळं अक्षरच मोजावं, मोकळ्या जागा मोजू नयेत. कुणालाही ओळी पडताळून पाहता याव्यात, हा त्यामागचा हेतू. आपण त्यातलं सोयीचं तेवढं वाचलंत. मोकळ्या जागा गाळल्यात, दर तोच ठेवलात, आणि पडताळणीचं नाव काढलं की “सिस्टिम जनरेटेड आहे” म्हणालात. इंग्रजीत साधारण सहावा ठोका स्पेसबारचा पडतो, आणि तो अंगठ्याने मारतात. द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला तो एकदाच. आपण रोज आठ तास मागत होतात.

आपण एकटेच असे, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या काळात अमेरिकेतल्याच एका बड्या कंपनीला या मोजणीवरून दोन्हीकडून कोर्टात खेचलं गेलं. गिऱ्हाइकं म्हणत होती, ओळी फुगवून बिलं लावली. टाइप करणाऱ्या म्हणत होत्या, ओळी आखडून पैसे दिले. रिपोर्ट तेच! लुगडं विकताना नऊवारी आणि विणकराला मजुरी देताना पाचवारी.

पण साहेब, ओळीचा राग मी केव्हाच गिळला. गिळवला नाही तो कार्डिऑलॉजीवाला डॉक्टर. आपणही त्याला ओळखत होतात, सगळा फ्लोअर ओळखत होता. सकाळी गाडी चालवत डिक्टेशन द्यायचा, खिडकी उघडी, तोंडात काहीतरी कुरकुरीत. रेडिऑलॉजीचे छातीचे एक्स-रे आले की तासाला दीडशे ओळी सहज पडत. याची चार मिनिटांची फाइल एकदा मला सत्तर मिनिटं पुरली. एका औषधाचं नाव मी अकरा वेळा मागे घेऊन ऐकलं, औषधांचं पुस्तक चाळलं, पेशंटचा जुना रिपोर्ट शोधला, शेवटी डोळे मिटून ऐकलं. ओळी भरल्या चाळीस. रुपये वीस. त्या वेळी शेजारच्या रांगेत आपल्या मर्जीतल्या दोघींकडे एक्स-रेची मलई चालली होती. फाइली वाटायचा अधिकार आपला होता. ‘पगार तुम्ही ठरवणार’ असं आपण म्हणालात, त्यातलं ‘तुम्ही’ म्हणजे कोण ते मला त्या दिवशी उमगलं. बाकी भारनियमनात जनरेटर बंद पडला, सर्व्हर बसला, अमेरिकेत लाँग वीकेंड आला म्हणून फाइलीच आल्या नाहीत, तरी आम्ही खुर्चीत बसलेलेच. ते तास कुठल्याच ओळीत मावत नव्हते.

माझं माहेर सोलापूर. आई विड्या वळायची. सुट्टीत गेले तेव्हा तिने विचारलं, आता पगार कसा देतात? मी आपल्या फळ्यावरचं गणित तिला समजावून सांगायला लागले, तर तिने दोन वाक्यांत आटपलं. “म्हंजे हजारावरच की गं. आमचं इड्यांवर, तुमचं वळींवर.” मग सूप मांडीवरून खाली ठेवून तिने एकच प्रश्न विचारला : “पान कोण देतं?”

आईच्या कारखान्यातून पानं मोजून मिळायची. त्यातली कितीतरी फाटकी, भोकं पडलेली, करपलेली. पण विड्या हजार भरूनच द्यायच्या. पान कमी पडलं तर बाजारातून पदरच्या पैशाने आणायचं. वर तपासणाऱ्याने छाट काढली की त्या विड्या गेल्या, पुन्हा त्या मोडून परतही मिळायच्या नाहीत. मी तिला कार्डिऑलॉजीवाल्याची नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. “कुजकं पान,” म्हणाली.

साहेब, आपल्या सगळ्या प्रेझेंटेशनवर माझ्या आईची ही दोन शब्दांची टिप्पणी चिकटवावी असं मला अनेकदा वाटलं आहे. आपण पुरावा मागाल, म्हणून आपलीच एक गोष्ट आपल्याला सांगते. आम्ही पगारावर होतो तेव्हा याच डॉक्टरच्या आवाजाबद्दल आपण स्वतः अमेरिकेला ई-मेल टाकली होतीत. कडक शब्दांत. मला पाठ आहे, कारण तिचं इंग्रजी आपण माझ्याकडून तपासून घेतलं होतं. दोन महिन्यांत त्याला नवा माइक मिळाला आणि तो चक्क खोलीत बसून बोलायला लागला. मग लाइन-रेट आला, तो डॉक्टर पुन्हा गाडीत जाऊन बसला, आणि आपली ई-मेल काही कुणाकडे तपासायला आली नाही. आमचा तास आपल्या खिशातून जात होता तोवर कुजकं पान आपल्यालाही दिसत होतं.

एक कबूल करते. पगाराच्या दिवसांत सगळे हरिश्चंद्र नव्हतो. एक जण तीन-तीनदा चहाला जायचा आणि त्याच्या वाटच्या फाइली आम्ही उपसायचो, पगार मात्र सारखाच. आमच्या होमिओपॅथीवाल्या एका डॉक्टरबाईंनी तर ऑटोटेक्स्टचा असा खजिना जमवला होता की चार अक्षरं मारली की स्क्रीनवर अख्खी पेशंटची अंगकाठी उभी राहायची. दिवसाला अठराशे ओळी काढायच्या. त्या लाइन-रेटवर खूश होत्या आणि ते रास्तच होतं. वेगाला चार पैसे जास्त मिळावेत, माझं काहीच म्हणणं नाही. खाली तासाचा पगार ठेवून वर ओळींचा बोनस द्या असं मी आपल्याला सुचवलंही होतं. आपण म्हणालात, “अशाने माणसं आळशी होतात.” हे आपण महिन्याच्या पगारावर बसून म्हणालात, हे मी तेव्हा नम्रपणे लक्षात आणून दिलं नाही.

आता क्यूएबद्दल, म्हणजे आमचं टाइप केलेलं तपासणाऱ्यांबद्दल. अचूकता 98.5 टक्क्यांच्या खाली गेली तर कपात, औषध किंवा डोस चुकला तर अख्ख्या फाइलचे पैसे शून्य. हे मला पटत होतं, जिवाशी गाठ आहे. पण आपण ब्लँकवरही दंड ठेवलात. फाइलमागे दोनपेक्षा जास्त ब्लँक पडले की प्रत्येकी पाच रुपये. म्हणजे जे ऐकू आलं नाही ते ‘ऐकू आलं नाही’ असं प्रामाणिकपणे सांगायची किंमत दहा ओळी. आणि अंदाजाने ठोकून दिलं, क्यूएच्या कानांतून निसटलं, तर किंमत काहीच नाही. फिफ्टीन की फिफ्टी, हायपर की हायपो, या कोड्यांवर आपण आम्हाला जुगार खेळायला बसवलंत आणि डाव पेशंटच्या अंगावर लावलात.

अमेरिकेत अलाबामा राज्यात 2008 साली एक रुग्ण दगावला. कागदात 8 युनिट इन्शुलिनच्या जागी 80 पडलं होतं. तो कागद भारतात टाइप झाला होता. 2012 साली तिथल्या ज्युरीने 14 कोटी डॉलरची भरपाई फर्मावली. ती बातमी वाचली तेव्हा मी हे काम सोडून तीन वर्षं झाली होती, तरी रात्रभर डोळा लागला नाही. तो जास्तीचा शून्य टाइप करणाऱ्या बाईला किंवा बुवाला कसे पैसे मिळत होते, मला ठाऊक नाही. आपल्या दराने हिशेब केला तर त्या एका शून्याची मजुरी जेमतेम पाऊण पैसा होते.

कायद्याचं आपल्याला वावडं, तरी सांगते. आपल्याकडे 1948 च्या किमान वेतन कायद्यात सतरावं कलम होतं : नगावर काम असलं आणि नगाचा किमान दर ठरलेला नसला, तर वेळेच्या हिशेबाने होणाऱ्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. ज्यांच्या फाइली आपण आणत होतात त्या अमेरिकेतही नगावर काम करणाऱ्या नोकराला तासाचं किमान वेतन चुकत नाही. 2009 पासून तो केंद्रीय आकडा सव्वासात डॉलर आहे. म्हणजे ओळ मोजा, विडी मोजा, घड्याळ भिंतीवर असतंच. आपण यावर तोड काढलीत ती मात्र नामी. एका सकाळी आम्हा सगळ्यांना ‘कन्सल्टंट’ केलंत, म्हणजे आम्ही नोकरच नाही, मग किमान वेतन कसलं! माझ्या शेजारची मुलगी पेढे घेऊन घरी गेली.

त्यानंतर आलं व्हॉइस रेकग्निशन. यंत्र टाइप करणार, आम्ही नुसतं ‘एडिट’ करणार, म्हणून दर निम्मा, 25 पैसे. कार्डिऑलॉजीवाल्याचं यंत्राने जे काही केलं ते मी जन्मात विसरणार नाही. स्पेलिंगची एक चूक नाही, आणि अर्थाला ठिकाणा नाही. ऐकायची चार मिनिटं तेवढीच राहिली, मागे घेऊन ऐकणं तेवढंच, वर यंत्राची बडबड खोडायचं काम नवं. 2009 च्या मार्चमध्ये मी पेडल उचकटून टेबलावर ठेवलं.

तेव्हा आपल्या ताज्या निरोपातलं ‘फक्त नजर फिरवायची’ हे मला पुरतं समजलं आहे. काम मी करीन. पन्नाशीला टेकले असले तरी कान शाबूत आहेत. मात्र पैसे तासावर. ऐकण्याचा तास, शोधण्याचा तास, फाइलीची वाट पाहण्याचाही तास. यंत्राने सफाईदार खोटं लिहिलेलं असेल ते पकडायला जो वेळ लागेल तो माझा नाही, आपला खर्च. आणि कळलं नाही तिथे ब्लँक सोडीन, त्याला दंड नाही. हे जमत नसेल तर त्या यादीतल्या इतर जणींना विचारून पाहा. त्यांना हे पत्र आपल्याआधीच पोचलेलं आहे.

वर आपलं नाव ब्लँक सोडलं आहे. ते ऐकू आलं नव्हतं असं नाही. नियमाप्रमाणे त्याचे पाच रुपये होत असतील तर माझ्या मार्च 2009 च्या पगारातून कापून घ्यावेत. तो अजून यायचा आहे.

कळावे,
एम. टी. क्रमांक 37