राजपुत्राची भानगड

अहो, ऐकलं का? यवतमाळात म्हणे चांगल्या घरच्या, पोट्टे कॉलेजात असलेल्या बापांची भानगड चालू आहे. रात्री जेवणं आटोपली की दार लोटून घेतात. बायकोला वाटतं, शाळेचं पोर्टल भरणं चाललंय. डोकावून पाहावं तर संगणकावर ‘व्हाइस सिटी’ ही गेम! २००२ सालची! फुलाफुलांच्या शर्टातला टॉमी दुसऱ्याची मोटार पळवतोय आणि गुरुजी रंगात आलेले. “बाप्पा बाप्पा, ह्या वयात?” एवढंच ती माउली बोलू शकली.

हे एका घरचं नाही हो. आर्णी रोडला कुणी ‘क्रिकेट ०७’च्या नादी लागलंय. तो नोव्हेंबर २००६ मध्ये आला, त्यानंतर तो काढणाऱ्या ईए कंपनीने संगणकासाठी क्रिकेटचा खेळच काढला नाही. पण चाहते कसले निर्लज्ज! दर आयपीएलला नवे संघ, नव्या जर्सी स्वतःच बनवून त्यात घालतात, तेही फुकट. कंपनीने टाकलेलं लेकरू परक्यांनी पोसलं. आणि ह्या बापांना ही सवय लागली कुठे? एमएस-सीआयटीच्या वर्गात! सर वळले की एक्सेल खाली, ‘डेंजरस डेव्ह’ वर. फी मात्र घरच्यांनी भरलेली.

कंपन्यांनाही ह्या नादाचा वास लागलाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘व्हाइस सिटी’वाल्या रॉकस्टारने तिच्यासकट तीन जुने जीटीए खेळ रंगरंगोटी करून आणले; मूळचे त्याआधीच दुकानातून उचलले होते. नव्यात पाऊस असा की रस्ताच दिसेना. शेवटी माफी मागून जुने परत मांडावे लागले. शोभा ती केवढी!

पण खरी खमंग गोष्ट आपल्याच राज्यातली. २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ ह्या खेळाला नव्याने नटवायचं काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे-मुंबईच्या पोरांकडे होतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुखदर्शन झालं आणि जगभरातून नाकं मुरडली गेली : हा कसला राजपुत्र? मुहूर्त जानेवारी २०२१ चा, मग मार्चचा, मग मुहूर्तच नाही. मे २०२२ मध्ये सोयरीक मोडून काम मॉन्ट्रियलला गेलं. मला विचाराल तर पोरांची फार फजिती झाली. ज्या चेहऱ्यावर लोक सतरा वर्षं भाळलेले, तो नव्याने कुणीही काढला असता तरी खोटच निघाली असती. मूळचा राजपुत्र मात्र आजही विकत मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर पळतो.