रजेचा अर्ज

दक्षिण सोलापुरातल्या आमच्या वस्तीवर विश्रांतीचे नियम फार काटेकोर आहेत. माणसांचा त्यात समावेश नाही, एवढंच.

गाय व्यायच्या आधी साठ दिवस तिला आटवायची. धार बंद, कासेला आराम, म्हणजे पुढच्या वेताला दूध भरपूर. डॉक्टर सांगतात, मालक ऐकतात. (मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे असंच म्हणतात. मालकी कशाकशावर आहे ते विचारू नये.) माझी कुठलीही गोष्ट तिसऱ्या हाकेशिवाय ज्यांच्या कानात शिरत नाही, ते गायीच्या रजेची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवतात. डाळिंबाचंही तेच. फळं उतरली की बागेला दोन-तीन महिने विश्रांती, मग पाणी तोडायचं, मग बहार. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. एवढी शिकलेली माणसं तिथं झाडाच्या तब्येतीची काळजी वाहतात हे ऐकून मला झाडाचा हेवा वाटतो. काळं रान तर पिढ्यान्‌पिढ्या लाडावलेलं: पावसाळाभर नुसतं पडून पाणी प्यायचं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरून घ्यायची. बैलांना ज्येष्ठात बेंदूर असतो. सुट्टी त्यांची, पुरण मी वाटते.

"मग मलाही आटवा की दोन महिने," एकदा मी म्हणाले.

सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "गाय व्यायची असती म्हणून बसती. तुझं काही हाय का तसलं?"

अर्ज नामंजूर.

माझं माहेर सोलापूर शहरातलं, गिरणीवाल्यांचं. 1877 सालच्या जुन्या मिलच्या गोष्टी ऐकत वाढले, त्यामुळे हक्काची रजा मला ठाऊक आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 पासून रविवार मिळवून दिला. रविवार हा खंडोबाचा वार, असाही त्यांचा एक मुद्दा होता. खंडोबा आमच्याही देव्हाऱ्यात आहे. पण म्हशीला वार समजत नाही, आणि डेअरीची गाडी रविवारीही उजाडताच दारात उभी असते.

रानात जाऊन निवांत जेवायचा आमचा सण म्हणजे वेळ अमावस्या. कडब्याची खोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. पुण्याचे पाहुणे उंड्याला तूप लावून म्हणतात, "काय शांत आयुष्य आहे हो तुमचं!" त्या शांततेसाठी मी पहाटे तीनपासून चुलीपुढं असते.

मालकांनी मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला, तेव्हा वाटलं आता तरी झोप मिळेल. पूर्वी रात्रपाळीची लाईट आली की ते एकटेच बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे. आता रात्री दोनला फोन वाजतो आणि एक गोड आवाजाची बाई सांगते, मोटार चालू झाली आहे. मालक हुंकार देतात आणि घोरायला लागतात. जागी मी.

परवा एक गाय आटवली. संध्याकाळचा थोडा वेळ मोकळा झाला, म्हणून लिंबाखाली बाज टाकून आडवी झाले. मालक पायथ्याशी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला बरं वाटलं.

मग म्हणाले, "तुझा हा वेळ मोकळाच जातोय. गड्डा यात्रेच्या जनावर बाजारातनं अजून एक गाय आणू का?"